कॅमशाफ्टचा मुहूर्त

त्या उन्हाळ्यात मी नवऱ्याला रोज सकाळी आकडे वाचून दाखवायची. पोथी नाही, पेपर नाही, कॅमशाफ्टचे आकडे. व्हॉल्व किती उघडतो, किती अंश उघडा राहतो, कधी मिटतो. त्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा आधीच गेला होता आणि उजव्याच्या मधोमध करडा डाग धरला होता. समोरच्या माणसाकडे सरळ पाहिलं की त्याचं तोंडच गायब व्हायचं, म्हणून हे मान जराशी वळवून कडेनं बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांना आपला राग आलाय. मोबाइलवरची अक्षरं कितीही मोठी केली तरी मधली मधली गळायची. मग वाचायचं कोणी? मी. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, ते असं कामाला आलं.

डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन देता देता सांगून टाकलं होतं की हा आजार थांबत नाही, फार तर रेंगाळतो. रस्त्यावर गाडी चालवायची नाही हेही त्यांनी तेव्हाच बजावलं. यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन स्कूटरची किल्ली मुकाट्यानं माझ्या हातात दिली. इतक्या मुकाट्यानं की मला संशयच आला. घरी आल्यावर म्हणाले, "रस्त्यावर न्हाई म्हणले ना डॉक्टर? जो रस्ता अजून चालूच झाला न्हाई, त्याच्यावर?"

परभणीजवळ, पिंगळीच्या बाजूला नव्या बायपासचा एक तुकडा तयार होऊन पडला होता. दोन्ही तोंडांना मातीचे ढीग, मधे सरळ काळी पट्टी. तिथं आपली गाडी एकदा, फक्त एकदा, पोटभर पळवायची, हे यांच्या मनात होतं. डोळा आहे तोवर. त्यांचं बाकी काही मागणं नव्हतं. मी खूप आदळआपट केली, पण खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं.

गाडी इटलीची. दोन दारं, दोन माणसं, आणि पोट जमिनीला लागेल इतकी बुटकी. गल्लीतली पोरं तिला 'चपटी' म्हणतात. यांचं परभणीत पंपसेटचं दुकान होतं आणि मालासाठी हैदराबादच्या खेपा व्हायच्या. तिथल्या कुठल्याशा बंगल्याच्या आवारात ही उभी होती, आत कोंबड्या बसलेल्या. हे तिला पंपांच्या खोक्यांबरोबर ट्रकमध्ये घालून घेऊन आले. मला वाटलं, ट्रकवाल्याचा पत्ता चुकला. दुकानाच्या गोदामात ताडपत्रीखाली तिचा मुक्काम पडला तो पडलाच. रविवार रविवार करून यांनी तिचं इंजिन जमवलं. चालायची, पण पळायची नाही. कोणी तरी, कधी तरी, तिच्यात साध्या घरगुती गाडीचे कॅमशाफ्ट बसवून ठेवले होते. त्यामुळे ही गाडी मुळात कशी पळते, ते यांना कधीच कळलं नव्हतं.

"कॅमशाफ्ट म्हंजे नेमकं काय हो?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"मांडवाच्या दारावरचा माणूस," हे म्हणाले. "दार किती उघडायचं आन् किती वेळ, ते तो ठरवतो. थोडा वेळ उघडलं तर माणसं थोडी, पण शिस्तीत. जास्त वेळ उघडलं तर गर्दी. वाढपी चपळ असतील तर सगळे जेवून उठतात, नसतील तर गोंधळ."

हे मला पटलं. म्हणजे इंजिन जोरात फिरत असेल तेव्हाच गर्दीचा उपयोग. हळू चालताना तेच जास्तीचं उघडं दार त्रास देतं.

यांना अर्थातच गर्दी हवी होती. "तीनशे अंशाचे घेऊ."

"खाली लिहिलंय, हळू चालवताना इंजिन धक्के खातं आणि बंद पडतं."

"मला हळू चालवायचीच न्हाई."

"बरं. मग ढिगाऱ्यापर्यंत काय दोघांनी ढकलत न्यायची?"

त्यावर हसले. पण हट्ट काही सोडला नाही. मग आठवडाभर आमचं तेच चाललं. मूळ कंपनीच्या नमुन्याचे शाफ्ट परदेशातून मिळत होते, त्यांची किंमत वाचल्यावर हे म्हणाले, "आता दुसरं वाच." पुण्यातला एक कारागीर जुनेच शाफ्ट घासून त्यांना नवा आकार देत होता. ते सगळ्यात स्वस्त आणि यांना तेच पसंत. तिथं मी आडवी आले. जुने घासून बिघडले तर? हातचंही गेलं आणि पळतंही गेलं. गाडी आज निदान चालते तरी. शेवटी बाहेरच्या देशातला एक लहान कारखाना याच इंजिनासाठी ओतीव शाफ्ट करून विकतो असं सापडलं. फार महाग नाहीत, फार तापट नाहीत. हळू चालवताना थोडी कुरकुर करतील, पण बंद पडणार नाहीत. मी पुन्हा पुन्हा आकडे वाचले, यांनी डोळे मिटून ऐकले, आणि म्हणाले, "हेच. तुझ्यासारखे हायत. कुरकुर करतील पण थांबायचे न्हाईत." मी त्यांना तिथंच झापलं. मागवले मात्र तेच.

खोक्याबरोबर सूचनांचा एक कागद आला. त्यात एक गोष्ट ठळक छापली होती आणि ती मी यांना आणि गाडीचं काम करणाऱ्या आमच्या मिस्त्रींना दोनदोनदा वाचून दाखवली. नवे शाफ्ट बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा लगेच वेग वाढवायचा आणि वीसेक मिनिटं तो तसाच धरून ठेवायचा. हळू होऊ द्यायचं नाही. बंद तर मुळीच करायचं नाही. नव्या शाफ्टवरचे, व्हॉल्व ढकलणारे उंचवटे आणि त्यांच्याखालच्या वाट्या तेवढ्या वेळात एकमेकांशी जुळतात. वेग कमी झाला तर वर तेल नीट उडत नाही, लोखंडावर लोखंड घासतं आणि उंचवट्याची वरची कडक साय निघून जाते. एकदा निघाली की संपलं.

"समजलं," मिस्त्री म्हणाले. "एकदम शुरू, एकदम रेस. रुकनाच नको."

आता इथं माझ्या मोठ्या दिरांना आणलं पाहिजे. ते पालमला असतात. थोडी कोरडवाहू शेती, एक किराणा दुकान, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सासरे लवकर गेले, तेव्हा हे अजून शाळेत होते. मोठ्या दिरांनी स्वतःची शाळा सोडून यांची चालू ठेवली. हे त्यांना अण्णा म्हणतात आणि त्यांच्यापुढे तोंडातून ब्र काढत नाहीत. मला हे कधीच सहन झालेलं नाही. आमच्या घरात अण्णांच्या नारळाशिवाय काही सुरू झालेलं नाही. दुकान नाही, बोअर नाही, मुलीची शाळासुद्धा नाही. एसटीतून उतरायचे, पिशवीतून नारळ काढायचे, की घर चूप.

आणि दुकानाची रीत तर त्यांनीच पाडलेली. नवं इंजिन विकलं की गिऱ्हाइकाच्या समोर सुरू करायचं, दोन क्षण चालू द्यायचं, बंद करायचं, नारळ, कुंकू, पेढा, आणि मग ते बैलगाडीत चढायचं. पुढं टेम्पो आले, पण रीत तीच. परभणीच्या पंचक्रोशीत अशी कितीतरी इंजिनं सुरू होऊन बंद झाली आणि मग वर्षानुवर्षं पाणी ओढत राहिली. पंपाच्या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. ते सोशीक असतं.

यांनी अण्णांना फोनवर सांगितलं की गाडी सुरू करायचीय. अण्णांनी श्रावणातला सोमवार दिला. मी म्हणाले, "त्यांना तो कागद पण समजावून सांगा." हे म्हणाले, "सांगतो की." सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं. थोरल्या भावाला 'तुझी रीत इथं चालत नाही' असं सांगायचं कसं, हाच यांना प्रश्न.

सोमवारी सकाळी गोदामासमोर निम्मी गल्ली जमली. अण्णा पहिल्या एसटीनं आले होते, ताटात बेल, नारळ, मठातली विभूती. हे आत बसले. मिस्त्री पुढं इंजिनाशी वाकलेले. मी दाराशी घड्याळ बघत उभी, परीक्षेला पर्यवेक्षक असावा तशी. यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काय तो आवाज! कोंबडीसारखी कॉक कॉक करणारी ती गाडी एकदम गरजली. पत्रे थरथरले, पोरांनी कानावर हात ठेवले. मी यांच्याकडे पाहिलं. मान वळवलेली, डोळे कुठंतरी बाजूला, आणि तोंडभर हसू. इतके दिवस ते असे हसले नव्हते.

तेवढ्यात अण्णा ताट घेऊन पुढं झाले. खिडकीत वाकून यांना काहीतरी म्हणाले. मला त्या आवाजात एकही शब्द ऐकू आला नाही. यांचा पाय सैल झाल्याचं मला आवाजावरून कळलं. इंजिन खाली आलं, हळू हळू गुरगुरायला लागलं. मी ओरडले, "अहो, नाही! सोडू नका!" मिस्त्रींनी 'नको' म्हणून हात वर केला. आणि यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

बंद. त्या शांततेत अण्णांनी यांच्या दोन्ही मिटल्या डोळ्यांना विभूती लावली, बाहेर येऊन नारळ फोडला, आरती म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पेढा देताना अण्णा म्हणाले, "पोरी, काय झालं गं? एवढं वरडलीस?" मी पेढा तोंडात कोंबला. उत्तर दिलं असतं तर सगळी गल्ली आठवण ठेवून राहिली असती.

आरती झाल्यावर पुन्हा सुरू केली, वेग धरला, कागदात सांगितला तेवढा वेळ धरला. वरवर सगळं ठीक वाटत होतं. मीही स्वतःची समजूत घातली. पण दोनचार दिवसांत आतून टक टक सुरू झाली आणि तो गरजणारा आवाज बसत गेला. मिस्त्रींनी वरचं झाकण उघडलं. बघितलं आणि माझं बोट धरून एका उंचवट्यावरून फिरवलं. जिथं टोक हवं तिथं सपाट. खालच्या तेलात चकचकीत चुरा. यांनीही बोट फिरवलं. त्यांना तर बोटांनीच बघावं लागत होतं.

"मंगवा लेंगे साब दुसरा," मिस्त्री म्हणाले.

मागवता आले असते. पैशाचं आम्ही कसंही केलं असतं. पण पहिल्याच खोक्याला यायला किती वेळ लागला होता, आणि इकडे उजव्या डोळ्यातला डाग थांबायचं नाव घेत नव्हता. त्या आठवड्यात यांनी मला दोनदा मुलीच्या नावानं हाक मारली, मी अगदी समोर उभी असताना.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. संध्याकाळी मी मोबाइल उचलला. "मी आत्ता अण्णांना फोन लावते. त्यांना कळू दे, त्यांच्या त्या मुहूर्तानं काय केलं. जन्मभर तुम्ही मूग गिळून बसलात, आज मी बोलते."

"ठेव तो फोन," हे म्हणाले.

"का? त्यांचा मान राहायला तुमची गाडी जाते, त्याचं काही नाही?"

"तो काय म्हणला ते तुला ऐकू आलं का?"

"कसं येणार? इंजिन चालू होतं."

"म्हणला, 'बाबा, जरा बंद कर. माझा हात थरथरायलाय, विभूती सांडायलीय. तुझ्या डोळ्याला नीट लावू दे.' रडायला होता गं. मी त्याला कधी रडताना पाह्यलं न्हाई. बाप मेला तवा बी न्हाई. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण आवाजात कळतं की."

"मग तुम्ही कागदातलं विसरलात?"

"इसरलो न्हाई. दोनदा वाचून दाखवलं होतंस तू. बंद केली की शाफ्ट जाणार, माहीत होतं."

"आणि तरी बंद केलीत?"

"त्यानं त्या विभूतीसाठी उपास धरलेत. त्याला काय सांगू? थांब, आधी वीस मिनिटं इंजिन फिरू दे?"

हे ऐकून माझा राग निवला असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. उलट भडकलाच. भावाचा जीव राखायला यांनी आपली एकुलती एक हौस देऊन टाकली, आणि उन्हाळाभर डोळे फोडून आकडे कोणी वाचले होते? त्या हौसेत माझाही वाटा होता, मला कुणी विचारलं? मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. पण फोनही लावला नाही. कारण रडणारा तो म्हातारा माझ्याही डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी जुनेच शाफ्ट, त्यांच्या जुन्या वाट्यांसकट, परत बसवले. इंजिन धुऊन चुरा काढता काढता मिस्त्रींच्या नाकी नऊ आले. तोवर सोयाबीन निघालं होतं. बायपास अजून बंदच होता. फक्त शेतकऱ्यांनी त्याच्या एका कडेला सोयाबीन वाळत घातलं होतं.

एका सोमवारी सकाळी मी गाडी ढिगाऱ्याच्या बाजूच्या वाटेनं त्या रस्त्यावर नेऊन उभी केली. मिस्त्री स्कूटरवर पुढं जाऊन पार टोकापर्यंत माणूस, जनावर काही नाही ना, बघून आले. मग आम्ही जागा बदलल्या. हे चाकामागं, मी शेजारी.

"तू नुसतं सांगत राहा," हे म्हणाले.

मी सांगत राहिले. सरळ. अजून सरळ. डावीकडे सोयाबीन, उजवीकडे या. सरळ. गाडीनं वेग घेतला, तिचा तो जुनाच, दमेकऱ्याचा वेग. यांनी पाय आणखी दाबला. इंजिन रडायला लागलं पण वर जाईना. नवे शाफ्ट असते तर इथून पुढं ती सुटली असती. उन्हाळाभर आम्ही हेच तर आकड्यांत ऐकलं होतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. रस्ता निम्मा राहिला असेल तेव्हा यांनी पाय उचलला आणि गाडी कडेला न घेता मधेच थांबवली.

"काय झालं?"

"बस. मधलं काहीच दिसंना." हात चाकावरच होते. "कडेची झाडं दिसतात. रस्ता दिसंना."

मला रडू आवरेना. इंजिन गरम होऊन टिचटिच वाजत होतं. आणि नेमका तेव्हाच यांचा मोबाइल वाजला. अण्णा. श्रावणापासून ते दर सोमवारी फोन करत. यांनी मोबाइल चाचपून काढला आणि माझ्याकडे धरला.

"पोरी, तू हायस व्हय? कुठं हाव?"

"नव्या रस्त्यावर आलोय, भाऊजी. गाडी घेऊन."

"पळाली का?"

दोन महिने अण्णांना सुनवायला घोकलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. हे माझ्याकडे मान वळवून, कडेनं, बघत होते.

"लय पळाली, भाऊजी," मी म्हणाले.

"आन् त्याला दिसलं का समदं?"

"दिसलं."

मग म्हणाले, "मी म्हणलंच व्हतं. पुढच्या सोमवारी परत येतो विभूती घेऊन. तिनं फरक पडायलाय."

"या. जेवायलाच या," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणला?"

"सोमवारी येतायत. विभूती घेऊन."

"येऊ दे. फरक पडतो तिनं."

आता मात्र माझा तोल गेला. "कसला फरक पडतो? आत्ता म्हणालात ना, रस्ता दिसत नाही? कुणाला पडतो फरक?"

"अण्णाला," हे म्हणाले, आणि दार उघडून, गाडीला हात लावत लावत, माझ्या बाजूला यायला निघाले.